विहीणबाई आणि टायटॅनिक

आमच्या ठकीनं स्वतःच्या लग्नाची तारीख भाजी वाढून घेता घेता सांगितली आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"पंधरा एप्रिल. नोंदणी कार्यालयात तेवढीच तारीख मोकळी होती. चालेल ना, बाबा?"

"न चालायला काय झालं?" ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. आमच्या घरात मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं हीच देते, त्यामुळे माझा बराच वेळ वाचतो. पण त्या दिवशी मला खरोखरच उत्तर द्यायचं होतं.

त्याचं असं आहे की मी भिंतीवरची कॅलेंडरं छापणाऱ्या छापखान्यात संपादक आहे. कॅलेंडरला संपादक कशाला, असं लोक विचारतात. एक ते एकतीस आकडे ओळीनं मांडायला काय अक्कल लागते, असा त्यांचा सूर असतो. पण आमच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेच्या चौकोनात, अगदी तळाशी, मुंगीला चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, त्या दिवशी इतिहासात काय घडलं ते एका ओळीत दिलेलं असतं. ती ओळ माझी. साऱ्या मानवजातीनं त्या दिवशी वर्षानुवर्षं जे काही करून ठेवलं, त्यातलं एकच निवडून चौकोनात बसवायचं, ही जबाबदारी लहान नाही. आमच्या मालकांचं मत असं की लोकांना कुणी जन्मलेलं वाचायला आवडत नाही, काहीतरी बुडालेलं, कोसळलेलं वाचायला आवडतं. म्हणून पंधरा एप्रिलच्या चौकोनात मी लिहिलं होतं : 'टायटॅनिक जहाज बुडाले (१९१२).'

आता एखाद्या बँकेतल्या कारकुनाला किंवा दंतवैद्याला मुलगी द्यायची असती, तर मी हे गिळून टाकलं असतं. पण आमचे होणारे जावई जहाजावर इंजिनियर! वर्षातले कितीतरी महिने ते पाण्यावर असतात. एप्रिलच्या शेवटी त्यांना नवी बोट गाठायची होती, त्याआधी लग्न उरकायचं होतं. म्हणजे बोटीवर जाणाऱ्या माणसाचं लग्न नेमकं टायटॅनिकच्या दिवशी. आणि ते जगजाहीर करणारा कोण, तर मुलीचा बाप, स्वतःच्या लेखणीनं!

मी ठरवलं, गप्प बसायचं. इतिहास मला माहीत आहे, म्हणून काही तो सगळ्यांना माहीत व्हायलाच हवा असं नाही.

पण मीच जानेवारीत विहीणबाईंना आमचं कॅलेंडर भेट दिलं होतं. 'आमचं छोटंसं काम' असं विनयानं म्हणून. त्यांनी ते स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलासमोर लावलं होतं.

विहीणबाई मोठ्या इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले, एकुलता एक मुलगा. बोलतात कमी आणि बघतात जास्त. त्यांनी नुसतं पाहिलं तरी आपलं ब्लडप्रेशर मोजून झालं असं वाटतं. तारीख ठरल्यावर त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मी मुद्दाम कॅलेंडरला पाठ टेकता येईल अशी खुर्ची धरली आणि जेवणभर असा ताठ बसलो की हिनं दोनदा विचारलं, "पाठ धरलीय का?"

जेवण सुखरूप झालं. आता निघायचं, एवढ्यात विहीणबाईंनी पेन्सिल घेतली. "तारखेवर खूण करून ठेवते. जरा सरकता का?"

"मी करतो ना! तुम्ही कशाला उठता?"

"उठलेच आहे."

त्यांनी मार्चचं पान उलटलं. पेन्सिलीचं टोक एप्रिलवरून फिरत फिरत पंधरावर थांबलं आणि तिथेच राहिलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी एकेक शब्द सुटा करून वाचला, "टायटॅनिक. जहाज. बुडाले."

"त्याच दिवशी लिओनार्दो दा विंचीसुद्धा जन्मला," मी म्हणालो. "फार मोठा कलावंत."

"त्याचं लग्न झालं होतं का?"

इथे एखादा व्यवहारी माणूस हो म्हणाला असता. पण आमचा पेशा आडवा आला. "नाही, तो अविवाहितच राहिला. शिवाय लिंकन गेले तेही त्याच..."

हिनं टेबलाखालून मारलेली लाथ जावईबापूंना लागली. ते कळवळून म्हणाले, "आई, छापलेल्या गोष्टींनी काय होतंय?"

"काही होत नाही," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या आणि पेन्सिल ठेवून दिली. "पण ही तारीख नको."

घरी परतल्यावर जिना चढताना ठकी म्हणाली, "बाबा, जगात लिओनार्दो जन्मला होता आणि तुम्ही बुडालेलं जहाज लिहिलंत." ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. तिथे दिवसभर शांतपणे 'आता नीट दिसतंय का?' असं विचारते, त्याच आवाजात हे वाक्य आलं. मला त्यापेक्षा तिनं आरडाओरडा केलेला परवडला असता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी भोक आहे, पण ते अशा उंचीवर आहे की उभ्या माणसाला कमरेतून वाकावं लागतं आणि वाकलेल्या माणसाला मान वर करावी लागते. सरकारपुढे कसं उभं राहायचं, हे त्या काचेनं परस्पर ठरवून टाकलं आहे. आतल्या बाईंनी विचारलं, "तारीख बदलायचं कारण?"

"टायटॅनिक," मी भोकातून म्हणालो.

"वधूचं नाव नाही विचारलं."

मी सगळं समजावून सांगितलं. मागे रांग वाढत होती. बाई म्हणाल्या, "कारणात 'वैयक्तिक' लिहा."

"हे वैयक्तिक कसं? आंतरराष्ट्रीय आहे!"

"काका," बाई म्हणाल्या, "सोळा तारखेला एकांनी लग्न मोडलंय. ती जागा देऊ का?"

मी ती जागा घेतली. सोळा एप्रिल म्हणजे चार्ली चॅप्लिनचा वाढदिवस. साऱ्या जगाला हसवणारा माणूस, यात कोण काय खोट काढणार? मी विजयी मुद्रेनं विहीणबाईंना फोन केला.

पलीकडून प्रश्न आला, "लग्नं किती केली त्यानं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चार ना?"

"चार," मी म्हणालो. "पण चौथं टिकलं."

"माझ्या मुलाला पहिलंच करायचंय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

यानंतर मी जी चूक केली ती म्हणजे जिन्यात वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर भेटले तेव्हा थांबलो. पोस्टमास्तर निवृत्त झाले असले तरी त्यांच्याकडे दिलेली गोष्ट अजूनही घरोघर पोचते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वीस घ्या. गोल आकडा. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"वीसला हिटलर जन्मला."

"अहो, पण ते कुणाला माहितीय?"

"आता तुम्हाला आहे."

"हो, तेही खरंच," पोस्टमास्तर गंभीर झाले. "आणि तसा रविवारही आहे त्या दिवशी."

संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळलं की माझ्यापाशी तारखांची कुंडलीच आहे. लोक मला जिन्यात गाठून आपापल्या लग्नाच्या तारखा विचारू लागले. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींची तारीख निघाली सव्वीस एप्रिल. मी पुष्कळ टाळलं, पण त्या ऐकेनात. शेवटी सांगितलं की त्या दिवशी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. वहिनींनी मागे वळून, सोफ्यावर पेपर वाचत पडलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "तरीच!" त्या दिवसापासून ते गृहस्थ मला नमस्कार करत नाहीत. माझं काय चुकलं? अणुभट्टी काही मी फोडली नव्हती.

हे सगळं चाललं असताना जहाज कंपनीचा फोन आला. बोट अपेक्षेपेक्षा लवकर बंदरात लागत होती. एकवीस तारखेला संध्याकाळच्या विमानानं जावईबापूंना निघावं लागणार होतं.

आता मात्र घरात हवाच बदलली. ही वाटाणे सोलता सोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघायची. ठकी दवाखान्यातून आली की सरळ खोलीत जायची. दाराआडून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू यायचं, आधी समजावणीचं, मग चिडचिडीचं, मग नुसतंच 'हं'. जावईबापूंनी आपल्या आईला कबूल केलं होतं की लग्न झाल्याशिवाय या खेपेला बोटीवर पाय ठेवणार नाही. लग्न नाही झालं तर ही बोट दुसऱ्या कुणाला जाणार, मग पुन्हा बोलावणं केव्हा येईल याचा नेम नाही. कंपनीत नाव खराब होईल ते वेगळंच. आणि ठकीचं म्हणणं, "ज्या घरात मी तारखेनंसुद्धा पसंत पडत नाही, तिथे जायचं कशाला?" हे वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं. त्यानंतर मला छापखान्यात बसवेना. पुढच्या वर्षीची प्रुफं समोर होती. प्रत्येक चौकोनात कुणीतरी मरत होतं आणि ते सगळं माझ्या लेखणीनं.

पण त्या प्रुफांतच मला सतरा एप्रिल सापडली. अपोलो-१३! चंद्राकडे निघालेलं यान, वाटेत स्फोट झाला, माणसं जातात की राहतात अशी वेळ आली, आणि सतरा तारखेला ती सगळी जिवंत परत आली. परत येऊन उतरली कुठे? समुद्रात! बोटीवरच्या माणसासाठी याहून चांगली तारीख खुद्द समुद्रालाही काढता आली नसती. मी धावत खाली जाऊन फोन लावला. सगळी हकिकत एका दमात सांगितली.

पलीकडे विहीणबाईंनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"सगळे परत आले?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"यान मोडलेलं असताना?"

"मोडलेलं असताना."

"बघू," त्या म्हणाल्या. आवाज जरा वेगळा वाटला, पण मी तेव्हा स्वतःवरच इतका खूश होतो की तिकडे लक्ष दिलं नाही.

नोंदणी कार्यालयात गेलो तर दारावर कागद : 'सतरा तारखेस वाळवीची फवारणी असल्याने कामकाज बंद.' मी भोकापाशी वाकलो. "वाळवी एक दिवस थांबू शकत नाही का?"

"वाळवी थांबत नाही म्हणूनच फवारणी," बाई म्हणाल्या. "अठरा देऊ?"

अठरा एप्रिल, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्यांना माझा चेहरा वाचता येऊ लागला होता. "काका, आता एकवीसला सकाळची एक वेळ आहे. ती नाही घेतलीत तर मी तुम्हाला फक्त चहा देऊ शकते."

मी एकवीस घेतली आणि त्या दिवशी काय झालं होतं हे कुणालाही सांगायचं नाही, अशी शपथ घेतली. विहीणबाईंना ठकीनं स्वतः फोन केला. त्या 'बरं' म्हणाल्या. नुसतं 'बरं'.

एकवीसला सकाळी आम्ही सगळे कार्यालयाच्या बाकावर ओळीनं बसलो. ठकी आपल्या आवडीच्या निळ्या कपड्यांत, हिच्या हातात फुलं, साक्षीदार म्हणून पोस्टमास्तर कडक इस्त्रीत. जावईबापूंची बोटीवर न्यायची मोठी बॅग पायाशी. फक्त विहीणबाई नव्हत्या, आणि साक्षीदार म्हणून त्यांचीही सही हवी होती. 'तू पुढे हो, मी येतेच' म्हणाल्या होत्या. आमच्या आधीचं जोडपं आत जाऊन नवरा-बायको होऊन बाहेर आलं. जावईबापू फोन लावत होते, घंटा वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.

"आई आल्याशिवाय मी सही करणार नाही," ते म्हणाले.

ठकी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती. लहानपणी पडून गुडघा फुटला की ती अशीच पाठ करून उभी राहायची, रडते हे दिसू नये म्हणून.

बाईंनी काचेमागून डोकं बाहेर काढलं. "काका, पुढच्यांना आधी घेते. त्यानंतर तुमचं. मग साहेब बैठकीला जातील."

मी कुणाला न विचारता टॅक्सी केली. आयुष्यात प्रथमच मी हिला न सांगता कुठेतरी निघालो होतो. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल. ड्रायव्हर म्हणाला, "इस्पितळात का?" मी म्हणालो, "नाही, विहिणीकडे." त्यानं गाडी जास्तच जोरात हाणली.

विहीणबाईंचं दार उघडंच होतं. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. ठेवणीतले कपडे, पायांत चपला, मांडीवर पर्स. निघायची सगळी तयारी झालेली आणि निघालेलं कुणी नाही.

मी दारातच सुरू केलं, "एकवीस एप्रिलला रोम शहराची स्थापना झाली, असं परंपरा सांगते. आता ते वसवणाऱ्या भावाभावांचं थोडं भांडण झालं होतं, पण..."

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"मी असलं काही मानत नाही हो. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. कुठल्या तारखेला माणसं वाचतात आणि कुठल्या तारखेला जातात असं काही मला कधी दिसलं नाही."

"मग टायटॅनिक?"

"ते कारण तुम्हीच दिलंत. फार उपयोगी पडलं."

खरं सांगतो, मला राग आला. मी त्यांच्यासाठी भोकातून वाकून वाकून कंबर मोडून घेतली, चॅप्लिनची चार लग्नं ऐकून घेतली, वाळवीशी भांडलो. आणि या बाई माझ्या इतिहासाचा पाचर म्हणून उपयोग करत होत्या!

"लग्न लांबलं असतं तर त्यानं ही बोट जाऊ दिली असती," त्या पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या. "मागच्या खेपेहून आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली. मला म्हणाला, आई, चहा सांडला. मी किती भाजलेल्या माणसांच्या जखमा धुतल्या असतील! चहाचा चटका कसा असतो आणि इंजिनातल्या वाफेचा कसा असतो, हे मला सांगायला लागतं का? मी म्हटलं, बरं हो, चहा तर चहा. तो खोटं बोलला, मी ऐकून घेतलं. आता पुन्हा चाललाय." त्यांनी पर्सचा पट्टा सोडला. "तिथे गेले की मला 'हो' म्हणावं लागेल. म्हणून उठवत नाहीये."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. माझ्यापाशी वर्षाच्या प्रत्येक दिवसाला सांगण्यासारखं काहीतरी असतं, पण त्या टेबलाशी बसून मला एकही ओळ सुचली नाही.

"लग्न झालं नाही तरी तो कधी ना कधी जाणारच," मी शेवटी म्हणालो. "आज नाही तर पुढच्या बोटीनं. मग फोनपाशी तुम्ही एकट्या बसाल. लग्न झालं तर ठकी असेल शेजारी. ती काही तुम्हाला धीर देणार नाही, तीही घाबरटच आहे. पण दोघी मिळून घाबराल. आमची ही आहे. मी आहे. मी तर काय, घाबरण्यात कुणाला ऐकत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ब्लडप्रेशर मोजल्यासारखं.

"टॅक्सी सोडली का?"

"थांबवलीय."

"मग रोमची स्थापना सांगत काय बसलात!" म्हणून त्या उठल्या आणि माझ्या आधी जिना उतरल्या.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब फायली गोळा करून उठत होते आणि आमच्या बाई काचेमागची जागा सोडून दारात आडव्या उभ्या होत्या. "एकच राहिलंय, साहेब," त्या म्हणत होत्या. "हे काका किती दिवस येताहेत, तुम्हाला कल्पना नाही."

साहेब बसले. ठकीनं सासूकडे पाहिलं, सासूनं ठकीकडे. ठकीनं जरा सरकून आपल्या आणि नवऱ्याच्या मध्ये जागा केली आणि विहीणबाई त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. असं लग्न मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी नेहमीच्या सुरात वाचायला सुरुवात केली. नावं झाली, वयं झाली, पत्ते झाले. मग घड्याळाकडे बघत त्यांनी विचारलं, "या विवाहाला उपस्थितांपैकी कुणाची काही हरकत?"

"आहे," विहीणबाई म्हणाल्या.

हिच्या हातातली फुलं खाली पडली. पोस्टमास्तरांनी खुर्ची धरली. साहेबांचं पेन हवेत थांबलं.

"कुणाची?"

"माझी. मी मुलाची आई."

"काय हरकत आहे?"

विहीणबाईंनी मुलाचा हात हातात घेतला. वर सरकलेली शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि तिचं बटण लावलं.

"आहे एवढंच," त्या म्हणाल्या. "लिहून घेऊ नका. सही कुठे करायची?"

ठकीनं पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.